मार्तंडरावांची मंडळी

मार्तंडराव अमोलिकांशी माझं कधीच पटलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. यात माझी विशेष कर्तबगारी नाही. त्यांचं कुणाशीच पटत नसे. शत्रूवर प्रीती करा, अशी आम्हा ख्रिस्ती लोकांना आज्ञा आहे. पण घाटकोपरसारख्या ठिकाणी, जिथे कोपऱ्यावरचा गुजराती दुकानदार सकाळी आपणहून ‘केम छो’ म्हणतो, तिथे शत्रू आणायचा कुठून? ही अडचण ओळखून देवानं मार्तंडरावांना नगरहून इकडे धाडलं असावं, असं जयवंत त्रिभुवन म्हणत. जयवंतराव आमच्या मंडळीचे पंच होते, म्हणजे कारभार त्यांच्याकडे आणि शिव्याही त्यांनाच.

मंडळी म्हणजे आमची तेवीस घरांची. चर्चची इमारत नव्हती. रविवारी सकाळी नऊ वाजता म्युनिसिपल शाळेत तिसरीच्या वर्गात उपासना होई. बाकं आठ वर्षांच्या पोरांच्या मापाची. त्यात बसलं की गुडघे हनुवटीला लागत, त्यामुळे प्रार्थनेला वेगळे टेकायची गरज राहत नसे. फळ्याच्या वर तेराचा पाढा टांगलेला होता. लांबलेल्या उपदेशात कित्येकांचा तो नव्यानं पाठ झाला.

मार्तंडराव भांडुपच्या रंगाच्या कारखान्यात टाइमकीपर होते. आठचा भोंगा वाजला की फाटक बंद आणि उशिरा येणाऱ्याच्या नावापुढे लाल शाईची फुली. एकदा खुद्द मॅनेजर चार मिनिटं उशिरा आले, तर त्यांच्याही नावापुढे फुली पडली. मॅनेजरांनी विचारलं, मी कोण ते माहीत आहे का? मार्तंडराव म्हणाले, माहीत आहे, म्हणून तर नाव बरोबर लिहिलंय.

असा माणूस रविवारी पहिल्या बाकावर, खिशातलं घड्याळ उघडून बसणार. आणि आमचे पाळक, रेव्हरंड विद्याधर शेलार, कधीही नऊ वाजता उगवणार नाहीत. त्याचं कारण होतं. सातला ते मुलुंडला सहा घरांची प्रार्थना घेत आणि मग आग्रा रोडनं सायकल हाणत घाटकोपरला येत. नऊ अकरा ही त्यांची ठरलेली वेळ. घामानं डबडबलेले, विजारीची क्लिप काढायला विसरलेले, तसेच ते उभे राहत. माणूस विद्वान, शास्त्र मुळापासून शिकलेला. पण डोकं जरा लवकर तापे. खरं म्हणजे त्यांच्यात तेवढंच काय ते वेळेआधी होई.

वर्गात शिरताना घड्याळाच्या झाकणाचा ‘टक्’ आवाज झाला, की पाळकसाहेबांच्या कानाची पाळी लाल होई. अशी दोन वर्षं गेली.

चोपन्न सालच्या मे महिन्यात कांजूरला सायकल पंक्चर झाली आणि पाळकसाहेब नऊ सव्वीसला आले. टक्. उपदेशाला नेमका द्राक्षमळ्याचा दाखला होता. मालक काही मजूर सकाळी लावतो, काही दुपारी, काही पार संध्याकाळी पाचला, आणि सगळ्यांना सारखीच मजुरी देतो. मार्तंडरावांचं या दाखल्याशी धंद्याचंच वैर. प्रभूच्या तोंडचा म्हणून ते सोसत, पण कारखान्यात तो सांगू नये असं त्यांचं मत होतं. पाळकसाहेब बोलता बोलता पहिल्या बाकाकडे वळले आणि म्हणाले, “बंधूंनो, स्वर्गाच्या फाटकावर टाइमकीपर बसवलेला नाही. बसवला असता, तर आपल्यातला एकही आत गेला नसता.”

सगळा वर्ग हसला. मी पेटीवर होतो. पेटीच्या भात्यात वारा उरावा तसं माझं हसू सगळे थांबल्यावरही चालू राहिलं.

मार्तंडराव उठले. त्या बाकातून ताडकन उठता येत नाही. बाकही थोडं त्यांच्याबरोबर उठलं, म्हणून पुन्हा हसू. ते निघून गेले. त्यांच्या मागून सुगंधाबाई उठल्या. नवऱ्याची छत्री घेतली, बायबल घेतलं आणि दारात थांबून त्यांनी एकदा मागे वळून सगळ्या वर्गाकडे पाहिलं. ते पाहणं माझ्या लक्षात आलं होतं. पण मी हसत होतो.

सुगंधाबाईंना आईबाप नव्हते. नगरच्या मिशन बोर्डिंगात एका बायबलबाईनं, म्हणजे घरोघर जाऊन बायकांना शास्त्र शिकवणाऱ्या बाईनं, त्यांना वाढवलं होतं. शास्त्राच्या परीक्षेत त्या तीन वर्षं पहिल्या आल्या होत्या, हे आम्हाला पुढे कळलं. स्वतःहून त्या कशाला सांगतील? मूलबाळ नव्हतं. इतर बायका मे महिन्यात माहेरी जात, सुगंधाबाई दर रविवारी जात. मंडळी हेच त्यांचं माहेर. बाळंतपण असो की नाताळच्या करंज्या, त्यांच्यावाचून अडे. त्या दिवशी त्यांचं माहेर तुटलं, तेही पाळकसाहेबांच्या एका विनोदानं.

आता, भाऊबंदानं अपराध केला तर काय करावं, याच्या तीन पायऱ्या शास्त्रात घालून दिल्या आहेत. आधी त्याला एकांतात गाठून सांग. नाही ऐकलं तर एकदोन साक्षीदार ने. तरीही नाही ऐकलं तर मंडळीला सांग. आणि मंडळीचंही ऐकलं नाही, तर मग तो तुला जकातदारासारखा, परका. मार्तंडरावांना हे कलम फार आवडलं. कारखान्याच्या नियमावलीसारखं होतं ते.

पहिली पायरी सोमवारी झाली. मी तुमचं नाव घेतलं नाही, असं पाळकसाहेब म्हणाले. मंडळीत टाइमकीपर किती आहेत, असं मार्तंडरावांनी विचारलं. एक, असं कबूल करावं लागलं. मग दार आपटल्याचा आवाज झाला. ते कुणी आपटलं यावर दोन मतं आहेत.

दुसऱ्या पायरीला साक्षीदार म्हणून त्यांनी मला नेलं, कारण हसण्यात मी पुढे होतो. आणि त्यांच्या चाळीतल्या शेजारच्या खोलीतल्या धोंडूला नेलं. धोंडू मालवणकडचा गिरणीकामगार, गळ्यात तुळशीची माळ. त्याला वाटलं, भांडण चाळीच्या नळाचं. पाऊणतास शास्त्रार्थ ऐकून तो मला हळूच म्हणाला, “भाऊ, नळाचा नाय, तर माका कित्याक आणल्यानी रे?” पाळकसाहेब कडाडले की साक्षीदार आणलेत, आता वकीलही आणा. मार्तंडराव शांतपणे म्हणाले, वकिलाची पायरी शास्त्रात नाही.

राहिली तिसरी. मंडळीला सांग.

इथे मार्तंडरावांचा नगरी कान आडवा आला. जुना माणूस बायकोचं नाव घेत नाही, ‘आमची मंडळी माहेरी गेलीय’ असं म्हणतो. तेव्हा मंडळीला सांग म्हणजे अर्थातच त्याच्या मंडळीला, पाळकसाहेबांच्या बायकोला. दर रविवारी जमणारे आम्ही तेवीस घरं म्हणजे मंडळी, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण आम्ही तर हसलो होतो. हसणाऱ्यांपुढे न्याय कसा मागायचा? रागावलेला माणूस दगड उचलावा तसा शब्दाचा हाती लागेल तो अर्थ उचलतो. शेजारी बसून ‘अहो, इथे तसं नाही’ असं सांगणारं कुणी असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. पण शिकवणाऱ्याशीच भांडण; आणि घरात जी सांगू शकली असती, तिला विचारायचं असतं हे त्यांना सुचलं नव्हतं.

बुधवारी मार्तंडराव पाळकसाहेब नसताना त्यांच्या घरी गेले आणि रत्नप्रभाबाईंपुढे तारीखवार फिर्याद मांडली. बाई तांदूळ निवडत होत्या. सगळं ऐकून त्यांनी चहा दिला आणि म्हणाल्या, “सांगते मी त्यांना. पण ते माझं कधी ऐकतात?”

झालं. मंडळीचंही ऐकत नाही, हे खुद्द मंडळीच्या तोंडून सिद्ध झालं. तेव्हापासून मार्तंडराव पाळकसाहेबांचा उल्लेख ‘जकातदार’ असाच करू लागले.

आणि दोघे-तिघे जमले तरी प्रभू त्यांच्यामध्ये असतो, या आधारावर त्यांनी घरी स्वतःची उपासना सुरू केली. ते पाळक, तेच पंच आणि सुगंधाबाई मंडळी, आता दोन्ही अर्थांनी. त्यांची खोली शाळेसमोरच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर, गॅलरी थेट आमच्या खिडक्यांवर. ठीक नऊला मार्तंडराव गॅलरीत खुर्ची टाकून गीत सुरू करत. त्यांचा सूर कारखान्याच्या भोंग्याचा होता. आमचं पहिलं गीत नऊ अकराला सुरू होई, तोवर तिकडे उपदेश तापलेला असे. आणि पाळकसाहेब शांतीवर बोलायला लागले की नेमका समोरून कळप उपाशी ठेवणाऱ्या मेंढपाळांवरचा कोप ऐकू येई. मला हुकूम झाला, पेटी मोठ्यानं वाजवा. मी वाजवली. वनमाला, म्हणजे धोंडूची बायको, चाळीच्या जिन्यावर उभी राहून म्हणाली की दोन देव असते तर समजू शकले असते, एकाच देवासाठी एवढी मारामारी कशाला?

एका रविवारी पाळकसाहेबांनी खिडकीत जाऊन समोरच्या गॅलरीकडे हात करत म्हटलं की समोरच्या रेव्हरंडांनी जरा दमानं घ्यावं, इथे जकातीचं काम चालू आहे. आम्ही पुन्हा हसलो. आता लिहिताना वाटतं, त्या वर्षी आमची मंडळी हसण्यात फार पुढे गेली होती आणि उठून दोन जिने चढण्यात फार मागे. रस्त्यात मार्तंडराव दिसले की आम्ही सलाम करायचं सोडलं. सुगंधाबाई आरेच्या दुधाच्या केंद्रावर बाटल्या घेऊन रांगेत असत. बायका त्यांच्याशी बोलत, पण आवाज उतरवून, आजाऱ्याशी बोलावं तसं.

वर खोलीत काय चाले? मंडळीत स्त्रियांनी गप्प बसावं, असं एक वचन मार्तंडरावांनी काढलं होतं. सगळी मंडळीच एक स्त्री असल्यामुळे ‘आमेन’ म्हणायलाही कुणी उरलं नाही. तेही मार्तंडरावच म्हणत. वाचायला पुस्तक मोठं, पण सात महिने त्यांचं बोट आळशी पाळक, खोटे पाळक, मेंढरांची लोकर ओरबाडणारे पाळक एवढ्याच पानांवरून फिरलं. एकट्या वाचणाऱ्याचं हेच होतं. त्याला जे आधीच वाटतंय तेच पुस्तक बोलू लागतं आणि त्याला वाटतं, देव बोलला. पाळकसाहेबांचा उपदेश आम्हाला कधी कधी झोंबे, कधी चक्क चुकीच्या माणसाला झोंबे. पण निदान तो आम्ही निवडलेला नसे.

डिसेंबरचा पहिला रविवार आला. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्यात प्रभुभोजन असतं: भाकर मोडायची आणि प्याला घ्यायचा. सुगंधाबाईंना ते सात महिने मिळालं नव्हतं. आणि मार्तंडरावांनी ठरवलं की आपण घरीच घेऊ. इराण्याकडून पाव आणला. मनुका रात्रभर भिजवून पाणी गाळलं. पितळेचा पेला चिंचेनं घासून ठेवला. ठीक नऊ.

त्या दिवशी समोरून गीत ऐकू आलं नाही. नऊ अकराला पाळकसाहेब आले, तरी गॅलरी रिकामी. पाळकसाहेबांनी दोनदा खिडकीकडे पाहिलं. सवयीचं भांडण बंद पडलं की माणूस कासावीस होतो.

वर काय झालं ते पुढे वनमालेनं सांगितलं. दोन खोल्यांमध्ये फळ्यांची भिंत होती आणि तिचा कान भिंतीला नव्हता असं तिचं म्हणणं आहे.

मार्तंडरावांनी पावाचा तुकडा पुढे केला. सुगंधाबाईंनी हात पुढे केला नाही.

“मंडळीनं गप्प बसायचं असतं, म्हणून सात महिने बसले,” त्या म्हणाल्या. “आज बोलते. मला हे नको.”

“का?”

“सात महिने मी पाळकसाहेबांचे अपराध ऐकतेय. माझे कोण सांगणार? तुमचे कोण सांगणार? ते तीन पायऱ्यांचं वचन काढा. वाचा मोठ्यानं.”

त्यांनी वाचलं. मंडळीला सांग, इथवर आले.

“मंडळी कोण?”

“बायको. म्हणजे त्याची बायको.”

“बरं. मंडळी म्हणजे बायको. मग तुमची मंडळी मी. मी सांगते, उठा आणि समोर चला. मंडळीचं ऐकलं नाही तर माणूस कोण होतो, ते पुढच्या ओळीत आहे.”

खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“आणि बोर्डिंगात आम्हाला शिकवलं तसं मंडळी म्हणजे सगळे जमलेले लोक असतील, तर तुमची तिसरी पायरी अजून झालेलीच नाही. तुम्ही रत्नप्रभाबाईंचा चहा पिऊन आलात. मग ती पायरी करायलाही समोरच जावं लागेल. आता कुठला अर्थ धरायचा तो धरा, जिना एकच आहे.”

नियमानं चालणाऱ्या माणसाला दोन्ही नियमांनी एकाच दाराकडे ढकललं होतं. शेवटी मार्तंडराव एवढंच म्हणाले, “हे तू आधी का नाही सांगितलंस?”

“तुम्ही विचारलंत कधी?”

नऊ चाळीसला तिसरीच्या वर्गाच्या दारात मार्तंडराव उभे होते. जन्मात पहिल्यांदा उशिरा. मागे सुगंधाबाई, हातात छत्री. पाळकसाहेबांच्या हातात भाकर होती, मोडायच्या बेतात.

“मला मंडळीला सांगायचं आहे,” मार्तंडराव म्हणाले.

“सांगा,” पाळकसाहेब म्हणाले. “सात महिने समोरून ऐकतोच आहोत.”

मार्तंडराव बसले नाहीत. उभ्यानंच फिर्याद मांडली. नऊ अकरा, नऊ चौदा, नऊ सव्वीस. लोक चुळबुळू लागले. मग ते म्हणाले की उशिराचं मी सोडतो, मुलुंडहून सायकल चालवत येणं काय असतं ते मला कळतं. “पण पाळकसाहेबांनी शास्त्र हातात घेऊन माझ्या पोटाच्या धंद्याची थट्टा केली. आणि तुम्ही सगळे हसलात.”

मी पेटीच्या पट्ट्यांकडे बघत बसलो. त्या सदतीस आहेत. दोनदा मोजल्या.

जयवंतराव उठले. पंच म्हणून त्यांनाच उठावं लागलं. मंडळी हसली, मंडळी चुकली, असं ते म्हणाले आणि पाळकसाहेबांकडे बघत राहिले. पाळकसाहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्यांनी भाकर खाली ठेवली.

“माझं चुकलं,” ते म्हणाले. “उपदेशाच्या जागेवरून मी माणसाला दगड मारला. पण तुम्हीही सात महिने—”

“पाळकसाहेब,” जयवंतराव म्हणाले, “तो ‘पण’ आमच्याकडे द्या. तो आता मंडळीचा आहे.” आणि मार्तंडरावांकडे वळून म्हणाले, “तुम्ही सात महिने सुगंधाबाईंना आमच्यापासून तोडून ठेवलंत. आम्ही दोन जिने चढून वर आलो नाही, तो आमचा गुन्हा, तो आम्ही भोगू. पण दाराला कडी तुम्ही घातली. त्याचं काय?”

मार्तंडरावांनी घड्याळ बाहेर काढलं. उघडलं नाही. मुठीत धरून ठेवलं.

“मंडळी,” ते म्हणाले, “माझं चुकलं.”

ते आम्हाला म्हणाले की मागे उभ्या असलेल्या बायकोला, यावर आमच्यात आजवर एकमत झालेलं नाही. मी रत्नप्रभाबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या की ज्याला आधी कळलं त्याला म्हणाले. सुगंधाबाई पुढे येऊन आपल्या जुन्या बाकावर बसल्या. त्या बाकावर सात महिन्यांत दुसरीच एक बाई बसू लागली होती. ती मुकाट्यानं सरकली. पाळकसाहेबांनी भाकर मोडली. मार्तंडरावांपर्यंत पोहोचली तेव्हा दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ते पाहणं प्रेमाचं होतं असं लिहिलं तर मला खोटी साक्ष दिल्याचा दोष लागेल. पण दोघांनी एकाच भाकरीचा तुकडा तोडला, एवढं खरं.

प्रेम पुढेही काही फार वाढलं नाही. जयवंतरावांनी उपासनेची वेळ सव्वानऊ केली, तर पाळकसाहेब नऊ सव्वीसला येऊ लागले. पुढच्या जूनपासून सुगंधाबाई शनिवारी दुपारी बायकांचा शास्त्रवर्ग घेऊ लागल्या, त्याच तिसरीच्या वर्गात. पुरुषांना आत बसायची परवानगी नव्हती. मार्तंडराव छत्री घेऊन बायकोला न्यायला म्हणून येत, तेही अर्धा तास आधी, आणि व्हरांड्यात उभे राहून ऐकत. मधूनच आत डोकावून, पानावर बोट ठेवून विचारत, “बाई, हा शब्द इथे कुठल्या अर्थानं?” घरी ते तिला ‘अगं’ म्हणत, व्हरांड्यात ‘बाई’.

पाळकसाहेब तिकडून जाताना म्हणत, “काय जकातदार, आज लवकर?”

मार्तंडराव पानावरचं बोट न हलवता दुसऱ्या हातानं घड्याळ दाखवत. “उद्याचं बघा. अकरा मिनिटं.”